पाण्यावर चालल्याची नोंद झालेल्या गाडीतील बरणीचे निवेदन

विषय : पाणी हे मोटारीचे इंधन होऊ शकते काय, याबाबत.
संदर्भ : मी स्वतः.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, मी एक काचेची बरणी बोलत आहे. रुंद तोंडाची, हिरवट छटेची, पत्र्याच्या झाकणाची. सध्याचा मुक्काम एका लहान मोटारीच्या बॉनेटखाली, बॅटरीच्या शेजारी. बरणीचे तिथे काय काम, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मलाही पडला होता. पण आम्हा बरण्यांना विचारून कोणी काही भरत नाही.

माझा जन्म भट्टीतला. एका माणसाने लांब नळीतून फुंकर मारली आणि मी फुगले. पहिला श्वासच दुसऱ्याचा, म्हणून पुढे दुसऱ्यांच्या कल्पना पोटात बाळगायची सवय लागली असावी. उमेदीची वर्षे किराणा दुकानात पेपरमिंटच्या गोळ्या सांभाळण्यात गेली. गोळ्या पुड्यांतून येऊ लागल्यावर दुकानदाराने मला शेजारच्या घड्याळजींना देऊन टाकले. तिथे बंद घड्याळांचे काटे आणि चाके पोटात घेऊन मी कपाटावर बसले. धूळ इतकी चढली की मला स्वतःच्या आतले दिसेना.

घड्याळजींच्या दुकानात गिऱ्हाईक फारसे उरले नव्हते. घर चालायचे ते त्यांच्या पत्नीवर. त्यांना सगळे मॅडम म्हणतात, घड्याळजीसुद्धा. त्या मोटार चालवायला शिकवतात. गाडी एकच. तिला क्लच-ब्रेकच्या दोन जोड्या, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरी मॅडमच्या. ही गाडी थांबली तर क्लास थांबला आणि क्लास थांबला तर चूल थांबली. पेट्रोल भरून आलेल्या मॅडमचा चेहरा पाहिला की घड्याळजी उगाचच भिंग पुसत बसायचे.

एका दुपारी त्यांच्या वाचनात आले की पाणी दोन वायूंचे बनते. एक स्वतः जळतो, दुसरा जळायला मदत करतो. ते उठले ते थेट मोरीत.

"मॅडम, आपल्या नळाला आग येते आग!" ते वाहत्या धारेखाली हात धरून ओरडले.

"मग गार कशी?" त्यांच्या आईने आतून विचारले. म्हातारी दिवसातून एकदाच बोलते. त्या दिवसाचे बोलणे झाले.

घड्याळजींनी मला रिकामी केले, घासूनपुसून लख्ख केले. आत दोन स्टीलच्या पट्ट्या, पाणी आणि चमचाभर सोडा घातला आणि बॅटरीच्या तारा जोडल्या. आणि अहाहा! पट्ट्यांवरून त्या दोन वायूंचे बुडबुडे सुटले. शेकडो, हजारो, बारीक बारीक! तळापासून गळ्यापर्यंत अशा गुदगुल्या झाल्या की माझे झाकण थडथडू लागले. गोळ्यांनी असे कधी केले नव्हते. मी हसत होते, घड्याळजी हसत होते. मॅडम तेवढ्या हसत नव्हत्या.

"माझ्या गाडीला असा हात लावायचा नाही. आधी रीतसर परवानगी काढा, मग काय ते बरणीबिरणी बसवा."

परवानगी येणार नाही, या भरवशावर त्या बिचाऱ्या बोलल्या. पण घड्याळजींचा अर्ज पोचला तेव्हा वाहन कचेरीतल्या तपासनीस साहेबांना नेमके बाहेर पडायला निमित्त हवे होते. ते लगेच आले.

गाडी घरासमोर, गल्लीच्या माथ्यावर उभी होती. गल्ली तिथून उतरत चौकात जाते. टाकीतले पेट्रोल काढून टाकले होते. माझ्या झाकणातून निघालेली नळी इंजिनाला जोडली होती.

"चालवणार मी," साहेब म्हणाले. "फसवाफसवी नको."

ते स्टिअरिंगपाशी बसले, शेजारी मॅडम. किल्ली फिरली. मी जीव तोडून बुडबुडे काढले. इंजिन दोनदा खोकले आणि गप्प झाले. साहेबांच्या हातांना कापरे भरले. जगाच्या गाड्या तपासणाऱ्या या माणसाने स्वतः कधी गाडी चालवली नव्हती, हे मॅडमनी त्या हातांवरूनच ओळखले. असे थरथरते हात पाहण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी सवयीने हँडब्रेक सोडला, सवयीने आपल्याकडचा क्लच दाबला आणि सवयीनेच म्हणाल्या, "घाबरायचं नाही. समोर बघा. छान! जमतंय!"

गाडी निघाली. उतार होता, निघणारच! गल्ली मागे धावू लागली, माझ्यात लाटा उठल्या, घड्याळजी "चालली! चालली!" करत पाठीमागे पळत सुटले. साहेबांचे तोंड उघडे ते उघडेच.

"आवाजसुद्धा नाही हो!"

"छान! स्टिअरिंग सरळ. अगदी छान!"

चौकात मॅडमनी ब्रेक दाबला. साहेब उतरले ते वेगळाच माणूस होऊन. त्यांनी तिथेच बॉनेटवर कागद ठेवून लिहिले : 'वाहन केवळ पाण्यावर, निःशब्द व धूररहित चालले. तज्ज्ञ बाईंनी "छान, जमतंय" असा अभिप्राय दिला.'

"अहो साहेब, तो उतार होता!" मॅडम भानावर आल्या.

"बाई, विनय पुरे. उताराला नमुन्यात रकाना नाही."

आठवड्याच्या आत हुकूम आला. वाहनाचे इंधन : पाणी. सबब यात पेट्रोल भरण्यास मनाई. मला लाखेने सीलबंद करण्यात आले.

मग सुरू झाला मॅडमचा नवा अभ्यासक्रम. खाली जाताना चालवायचे, वर येताना ढकलायचे. एका धान्याच्या व्यापाऱ्याने चढावर मध्येच बसकण मारली. "मॅडम, मी गाडी शिकायला आलो का हमाली?"

"क्लच समजला ना तुम्हाला? मग उठा. उरलेलं चढावर समजेल."

तो उठला, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्लासला गेला. एकेक करून बाकीचेही गेले. घड्याळजींनी सोडा वाढवला, पट्ट्या वाढवल्या. चढावर बॅटरी तेवढी बसली, गाडी हलली नाही.

एका संध्याकाळी ते गाडीजवळच्या ओट्यावर गजराच्या घड्याळाला चावी देता देता थांबले.

"मॅडम, घड्याळाला चावी द्यायला हात बाहेरूनच लागतो. ते स्वतःची चावी स्वतः देत नाही. पाणी फोडायला बॅटरी, बॅटरी भरायला इंजिन, इंजिनाला ते फोडलेलं पाणी. आणि वाटेत प्रत्येक जण आपला घास काढून घेतो. पाणी म्हणजे त्या जळणाऱ्या वायूची आधीच जळून गेलेली राख आहे. मी राख पेटवत बसलो होतो."

"म्हणून गार," आई म्हणाली.

त्यांनी अर्ज लिहायला घेतला : 'माझी गाडी पाण्यावर चालत नाही. पाणी हे इंधन नाही. तरी पेट्रोल भरण्याची परवानगी मिळावी.' सही करताना लेखणी अडली. त्यांच्या नावावर लागलेला हा एकच शोध, आणि तो सरकारमान्य.

"राहू द्या हवं तर," मॅडम म्हणाल्या. "मी दुसरं काही बघेन."

"नको. तुला गाडी ढकलताना बघवत नाही मला." आणि त्यांनी सही केली.

फेरतपासणीला तेच साहेब आले, नवा काळा चष्मा घालून. "सोडा ब्रेक, बाई!" गाडी सुसाट चौकात. वर ढकलून आणवली आणि पुन्हा सुसाट. शेरा : 'वाहन पूर्ववत चालते. मात्र बाईंनी या वेळी अभिप्राय देण्याचे टाळले.'

"एकदा चढावर चालवून बघा ना साहेब," घड्याळजींनी हात जोडले.

"चढ आमच्याकडे येत नाही. तो वरच्या कचेरीकडे."

एरवी आत्मवृत्ताच्या शेवटी माणसांना उपदेश करायची रीत आहे. माझे मागणे साधे आहे. पाण्याला पाणी राहू द्यावे आणि मॅडमना त्यांची गाडी द्यावी. गुदगुल्या फार छान होत्या, हे मी नाकारत नाही. पण गुदगुल्यांवर गाडी चढ चढत नाही, हे आतून पाहिलेली साक्षीदार मी आहे आणि माझे तोंड सीलबंद आहे.

गाडी सध्या चौकात उभी आहे. घड्याळजींचा अर्ज वरच्या कचेरीकडे वर्ग करण्यात आला आहे. तिथून अद्याप कोणी आलेले नाही. अर्ज प्रलंबित आहे.