शेवटच्या थांब्यावरची तीन माणसं

मी कॅमेरा बोलतोय. खरं तर बघायचं आणि गप्प राहायचं, एवढंच माझं काम. पण चक्रीवादळानंतर त्या शहरात जे पाहिलं, ते काही केल्या पोटात राहत नाही.

माझा पहिला मालक लग्नं टिपायचा. सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मग माहितीपट करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं आणि वादळानंतर नवव्या दिवशी त्या शहरात नेलं. रस्त्यात होड्या आडव्या पडलेल्या, झाडांवर गाद्या अडकलेल्या. भिंगावर सारखी वाळू बसायची. बाई रुमालाने पुसायच्या, की पुन्हा पळापळ.

तिथे एक बसचालक होता. वादळाच्या सकाळी त्यानं त्रेचाळीस माणसं शहराबाहेर काढली होती. लोक त्याला देवमाणूस म्हणत. बाईंनी त्याला रिकाम्या बसमध्ये बोलतं केलं.

"शेवटच्या थांब्यावर मी दार लावलं," तो म्हणाला. "पाणी चढत होतं. आणखी तिघं धावत येताना आरशात दिसली. मी थांबलो नाही."

बाईंनी मला चालूच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी आली. "ताई, बाबांचं ते बोलणं काढून टाका. त्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

बाई कबूलही झाल्या. पण संध्याकाळी चालक स्वतःच आला. "राहू द्या ते. लोक पाठ थोपटतात ना, तेव्हा जीव गुदमरतो माझा."

सात महिन्यांनी तिथल्याच शाळेच्या सभागृहात माहितीपट दाखवला. प्रेक्षकांचे चेहरे टिपायला मी कोपऱ्यात उभा होतो. दिवे लागले. मुलीनं वडिलांचा दंड घट्ट धरला होता.

एक वयस्क बाई उठून त्याच्यासमोर आल्या.

"त्या तिघांत पिवळा रेनकोट घातलेली कोणी होती?"

"होती. सगळ्यात पुढे."

"माझी धाकटी बहीण. मला वाटायचं, माझं न ऐकता घरातच बसून राहिली. निघाली होती म्हणजे!"

माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि विचारलं, "जोरात धावत होती?"

"खूप जोरात."

आता माझं बटण अडकतं, म्हणून मी कपाटात असतो. पण चैन पडत नाही. उरलेल्या दोघांची चौकशी करायला अजून कोणीच आलेलं नाही. तुमचं कोणी त्या थांब्याकडे निघालं होतं का? असेल, तर या. चालक सांगायला तयार आहे.