चार महिने न प्यायलेलं पाणी

न्यारुओतच्या मनात पाल चुकचुकली ती पुओच पाणी पीत नाही म्हणून.

तसा पोरगा सोन्यासारखा. निळ्या टोपीवाल्या परदेशी शिपायांच्या छावणीत दोघी मायलेकी आल्या, तेव्हापासून त्यांचे पाण्याचे डबे हाच भरून आणी, फाटलेली ताडपत्री हाच शिवी. लेकीला, न्यालिएपला, मागणी घातली तीही रीतीनं, दोन म्हातारे पाठवून. पण मागणी घातल्यापासून चार महिन्यांत न्यारुओतच्या घरचा एक घोट त्याच्या घशाखाली गेला नव्हता. "आत्ताच प्यायलो, मावशी." उन्हानं ओठ फुटलेत, आणि म्हणे आत्ताच प्यायलो!

"लाजतोय गं," शेजारीण म्हणाली. "जावई सासूपुढं खातो का कधी?"

"खात नाही, कबूल. पण मी पाठ फिरवली तरी पाण्याचा तुंबा तसाच भरलेला? मला खुळी समजतेस होय?"

आम्हा गुरं राखणाऱ्या नुएर लोकांत दोन घराण्यांत खून पडला आणि तो मिटला नसेल, तर त्यांनी एका भांड्यातून प्यायचं नाही. प्यायलं की मरण ठरलेलं. न्यारुओतचा भाऊ बिएल दोन वर्षांपूर्वी गुरांच्या तळावर भाल्यानं मारला गेला होता. कुणी मारलं, ते कळलंच नाही. आता तिला कळल्यासारखं वाटू लागलं. ह्याच्याच लोकांनी. आणि वर माझी पोरगी मागतोय, निलाजरा!

विचारायची सोय नव्हती. छावणीत घराणं विचारायला बंदी. घराणं विचारलं की भांडण पेटतं, असं निळ्या टोपीवाल्यांचं म्हणणं. न विचारता डोक्याला जो भुंगा लागतो, त्याची नोंद त्यांच्या कुठल्याच कागदावर नव्हती.

मग वाट करून दिली ती छावणीच्या साहेबांनीच. त्यांनी शांततेची बैठक बोलावली. सलोखा असलेले नुएर एका तुंब्यातून पितात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी ते नेमकं उलटं धरलं: एका तुंब्यातून प्यायले की सलोखा होतो! रक्त मिटवणारा पुजारी नाही, कापायला बैल नाही, आणि म्हणे प्या. भला माणूस हो, पण भारी घाईचा.

सकाळी मांडवाखाली सगळे जमले, पुओचचे चुलतेही. तुंबा फिरायच्या आधीच न्यारुओत उठली, तिनं तो उचलला, एक घोट घेतला आणि पुओचसमोर धरला.

"पी. आज सगळ्यांच्या देखत पी."

"नको, मावशी."

"का? माझ्या भावाचं रक्त आडवं येतंय?"

एकच गलका झाला. बाप्ये उठून उभे राहिले, कुंपणापाशी शिपायांनी बंदुका सावरल्या. "पाणी खराब आहे का?" साहेब दुभाष्याला विचारत राहिले.

पुओच खाली बघत म्हणाला, "तुझ्या भावाला आम्ही हात लावला नाही. माझा बाप मारला गेला, सोबात नदीच्या उतारावर, बिएल गेला त्याच्या आदल्या साली. मरताना त्यानं बिएलचं नाव घेतलं. ऐकणारा मी एकटा. चुलत्यांना सांगितलं असतं तर त्यांनी भाले उचलले असते. न्यालिएप कुणाची भाची ते मला मागणी घातल्यावर कळलं. वाटलं, छावणीबाहेर पडू, पुजाऱ्याकडं जाऊ, मिटवू."

"खोटं बोलतोस!"

"असेलही खोटं. बाप तापात बरळत होता." त्यानं मान वर केली. "तू बिएलची सख्खी बहीण. तू सांग, त्यानं नाही मारलं. मी इथंच पितो, आणि पुन्हा नाव काढणार नाही."

"सांग ना, आई," न्यालिएप म्हणाली.

न्यारुओतनं तोंड उघडलं, आणि तिला बिएलचा दंड आठवला. त्या साली तो भरदुपारी घरी आला होता, खांद्यापासून खाली सरळ चीर घेऊन. काटा लागला म्हणाला. तिनं राख भरून ती बांधली होती. काटा कुठं इतका सरळ ओरखडतो? माणूस मारून आलेल्याच्या हातावर पुजारी चीर पाडतो, मेलेल्याचं रक्त बाहेर पडावं म्हणून. तिला तेव्हाच विचारायचं होतं. भीती वाटली, म्हणून विचारलं नाही.

नाही म्हटलं की लेकीचं लग्न. हो म्हटलं की सगळं संपलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या भावानं नाही मारलं."

पुओचनं मान हलवली. एवढ्यावर त्याचा विश्वास बसला! त्यानं तुंबा तिच्या हातून घेतला, दोन्ही हातांनी वर उचलला आणि ओठांना लावू लागला.

न्यारुओतनं झेप घेतली आणि तुंबा उडवून लावला. पाणी धुळीत सांडलं.

"पिऊ नकोस! पिऊ नकोस रे, पोरा! त्याच्या हातावरची चीर मीच बांधली होती!"

पुओचनं ओले हात अंगाला पुसले आणि तो मागं सरकला, पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, जिथं त्याच्या चुलत्यांनी त्याला जागा करून दिली. चुलत्यांनी सगळं ऐकलं होतं. दुभाष्यानं साहेबांना काय सांगितलं कोण जाणे. साहेबांनी दुसरा तुंबा भरून आणायला सांगितला.

न्यारुओत लेकीजवळ आली. न्यालिएपनं तिच्याकडं पाहिलं नाही, ती चुलत्यांकडंच बघत होती.

"चार महिने तोंड मिटून त्यानं सांभाळलं होतं, आई," ती म्हणाली. "तुला एक सकाळ सांभाळता आली नाही."