हेमावतीचे अजगर

बसवकल्याणजवळच्या कोहिनूर गावच्या बळीराम सूर्यवंशींनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच मनाशी एक गोष्ट धरली होती. आपली पोरं कुणाच्या ओट्याखाली ताटकळत उभी राहणार नाहीत, खुर्चीवर बसतील. थोरली हेमावती गुलबर्ग्याला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली, तशी ती खुर्ची त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागली.

हेमावतीला मात्र दिसत होते अजगर. चिंचोळीच्या डोंगरात एके काळी प्रत्येक घळीत अजगर असायचा, असं तिथली म्हातारी माणसं सांगायची. पुढे कातडीवाले आले आणि पोत्यांनी घेऊन गेले. कायदा झाला तोवर डोंगर जवळजवळ रिकामा झाला होता. जे नेलं ते परत आणून बसवता येतं का, हाच तिने संशोधनाचा विषय घेतला. तिचे मार्गदर्शक श्रीनिवासराव माशांचे अभ्यासक. भला माणूस, पण स्पष्ट बोलणारा. "साप हा पोट भरायचा विषय नाही, हेमा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मग तिच्या अर्जावर सही केली.

पंच्याऐंशीच्या चैत्रात चिंचोळीच्या रस्त्याला दगडाच्या खाणीत मजुरांनी एक मादी पहारींनी मारली. हेमावती पोचली तेव्हा मादी थंड पडली होती, पण कपारीतली अंडी शाबूत होती. अंडं उलटं झालं तर आतलं पिल्लू गुदमरतं, म्हणून तिने प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला काजळाची खूण केली आणि मातीच्या टोपलीत मांडून, टोपली मांडीवर घेऊन गुलबर्ग्याला आणली. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ओल्या मातीचा रांजण झाला त्यांचं घर.

अंडी फुटायला आली आणि नेमकी तेव्हाच नेमणूक आली. बेल्लारीपल्याडच्या सरकारी कॉलेजात प्राध्यापकाची जागा, कायमची. बळीराम दुसऱ्या दिवशी नवी कोरी ट्रंक खांद्यावर घेऊन हजर.

"अप्पा, मी मुदत मागितली व्हती," हेमावती म्हणाली. "देता येत न्हाई म्हणले. अन् अंडी आज-उद्या फुटायलीत."

"मग फुटू दे की! साप काय कुणी बाळंतपणाला यावं म्हणून थांबतेत का?"

"फुटल्यावर त्यांना वाढवायचं, मग डोंगरात सोडायचं. तेच तर काम हाय माझं."

"ते काम किती दिवसांचं?"

"शिष्यवृत्ती संपेपर्यंत."

"अन् ही नोकरी पक्की हाय, हेमा. पक्की!" बळीरामांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "आपल्या सात पिढ्यांत कुणाला पक्कं काई मिळालं न्हाई. कामून असं करायलीस?"

हेमावतीचे डोळे भरून आले, पण तिने मान खाली घातली नाही. "त्या कॉलेजाला दुसरा मास्तर मिळंल, अप्पा. ह्या पिलांना दुसरं कुणी न्हाई."

बळीरामांनी ट्रंक तिथेच ठेवली आणि पाणीही न घेता ते परतीच्या गाडीला गेले. पुढे वर्ष-दीड वर्ष ते लेकीशी हूं-हांच्या पलीकडे बोलले नाहीत.

सतरा पिल्लं निघाली. उंदरांवर वाढवलेली ती पिल्लं दीड वर्षात चांगली मनगटाएवढी जाड झाली. आता ती सोडायला उन्हाळ्याचं तोंड बरं, असं हेमावतीचं मत. पण जंगल खात्याचे श्रीपतराव बदलीच्या वाटेवर होते. त्यांचा निरोप आला, या महिन्यात सोडा, जीप देतो, माणसं देतो. पुढच्या साहेबाचं मला सांगता येत नाही. मार्गशीर्ष चालू होता. हेमावतीने विचार केला, हो-नाही केलं आणि आठ अजगर सोडायला कबूल झाली. नऊ मागे ठेवले.

त्या साली थंडी अशी पडली, की सकाळी गवत पांढरं दिसायचं. उबेत वाढलेल्या त्या जनावरांना निवारा शोधायचं ठाऊकच नव्हतं. महिन्याभरात सहा अजगर दगडांखाली ताठ होऊन सापडले. उरलेले दोन सापडलेच नाहीत.

"यावर प्रबंध होतो," श्रीनिवासराव तिला समजावत म्हणाले. "अपयश हाही निष्कर्षच असतो. लिहून काढ आणि मोकळी हो."

"सर, हे अजगरांचं अपयश नाही. तारीख चुकली, ती मी कबूल केली म्हणून चुकली. आता तारीख बदलून बघायचीय."

"शिष्यवृत्ती संपली, बाई. जागाही रिकामी करून द्यायचीय."

"हो सर. उद्याच करते."

आणि केली. नऊ अजगर पोत्यांत घालून ती बसवकल्याणच्या गाडीत बसली. कंडक्टरने विचारलं, "काय हाय पोत्यात?" "अजगर," ती म्हणाली. सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला.

घरी आई सुमनबाई पोती बघून दारातच बसल्या. बळीराम मात्र उठले आणि कडब्याची खोली झाडून रिकामी करायला लागले. "हे तुझ्यासाठी न्हाई," शेवटी ते म्हणाले. "बाहेर ठिवलं तर गाव मारून टाकंल, म्हणून."

थंडीत अजगर खात नाहीत, म्हणून त्यांना आईच्या भरवशावर सोडून हेमावती पुन्हा चिंचोळीला गेली. जे दोन-चार जंगली अजगर उरलेत ते ही थंडी कशी काढतात, एवढंच तिला बघायचं होतं. डोंगराच्या पायथ्याला लिंगम्मा नावाची शेळ्या राखणारी विधवा राहत होती. तिच्या पडवीत हेमावतीने पथारी टाकली. दिवसभर घळी पालथ्या घालायच्या, संध्याकाळी भाकरी भाजायला बसायचं. अखेर एका साळिंदराच्या बिळापुढे धुळीत अजगर सरपटत गेल्याची रुंद खूण उमटलेली दिसली. भर दुपारी एक अजगर त्या बिळातून संथपणे बाहेर आला आणि उन्हात पसरला. त्यानंतर हेमावतीने डोंगरातली असली बिळं एकेक करून शोधून काढली.

लिंगम्माला कळलं, की ही पोरगी इथे आणखी अजगर आणून सोडणार. ती उखडलीच.

"हेब्बावु आणतीस? माझ्या डोंगरात?" अजगराला ती तिच्या कानडीत हेब्बावु म्हणे. "उद्या माझं करडू गिळलं तर?"

"गिळू शकंल, अक्का. खोटं कशाला सांगू?"

"मग?"

"मला हाक मारा. मारू नका."

"तू कुठं असशील तवा?"

"हितंच. ह्या पडवीत."

लिंगम्माने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि चूल फुंकायला लागली.

चैत्रात उन्हं तापल्यावर हेमावतीने नऊही अजगर एकेका बिळाच्या तोंडाशी सोडले. आणि शब्दाप्रमाणे ती राहिली. चिंचोळीत शिकवण्या घेऊन पोट भरायची, बाकीचा वेळ डोंगरात. एक अजगर रस्त्यावर ट्रकखाली गेला. दोन कुठे गेले ते समजलं नाही. बाकीचे तिला अधूनमधून दिसत राहिले आणि पहिली थंडी त्यांनी काढली.

पुढच्या पावसाळ्यानंतर व्हायचं ते झालं. लिंगम्माचं चार दिवसांचं करडू एका अजगराने धरलं. पोट फुगलेला अजगर झुडपात अडकून पडला आणि वाडीतली माणसं कुऱ्हाडी घेऊन धावली. लिंगम्मा रडत होती, शिव्या देत होती, पण तिने आधी हाक मारली ती हेमावतीला.

हेमावती धापा टाकत येऊन कुऱ्हाडींपुढे उभी राहिली. "मी म्हणले तसं अक्कांनी मला हाक मारली. आता मला माझं काम करू द्या. एकही करडू उघड्यावर झोपणार न्हाई, असं करून देते. तोवर ह्याला हात लावू नका."

माणसं कुरकुरत थांबली. दुसऱ्या दिवसापासून तिने दगड वाहायला सुरुवात केली. लिंगम्माच्या अंगणात करडांसाठी दगडी खुराडं रचलं, वर फळीचं झाकण बसवलं, मग शेजारणीच्या अंगणात दुसरं. हातांची सालपटं निघाली. तिसऱ्या खुराड्याला शेजारची माणसं स्वतःच दगड आणून देऊ लागली.

ही बातमी कोहिनूरला पोचली. एके दिवशी गाडीतून बळीराम उतरले, काखेत तांबूस रंगाची पाट, शेळीचं मादी पिल्लू, धरून.

"समेटाला आलो न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "बाईचं नुकसान झालं. ते आपल्या घराकडून भरायचं असतंय."

लिंगम्माने पाट हातात घेतली, दात बघितले, पाय बघितले. "चांगली हाय," ती म्हणाली आणि बळीरामांपुढे भाकरी-पिठलं ठेवलं.

जेवणानंतर हेमावती बापाला डोंगरात घेऊन गेली. बिळापुढे एक अजगर वेटोळं घालून उन्हाला पडला होता. चांगला वाढला होता, कातडीवर तकाकी होती. बळीराम कितीतरी वेळ काठीवर भार देऊन बघत राहिले.

"आपल्या कडब्याच्या खोलीतला का?"

"व्हय अप्पा."

"मोठा झालाय की," ते म्हणाले. "काय खायला घातलं म्हणावं तुझ्या आईनं!" आणि दोघंही हसू लागली.

दुसरी थंडी संपली तेव्हा नवांतले पाच जिवंत असल्याची हेमावतीला खात्री पटली. प्रबंधात तिने मेलेल्या सहांना पहिलं प्रकरण दिलं. श्रीनिवासरावांनी ते वाचून फक्त एक स्वल्पविराम दुरुस्त केला. नव्वद साली जंगल खात्याने तिला बोलावलं. लिंगम्माच्या पडवीत राहूनच पलीकडच्या डोंगरातही असंच काम करायचं होतं, हंगामी नेमणुकीवर, दर वर्षी नव्याने.

"म्हंजे पक्की न्हाई," बळीराम म्हणाले.

"न्हाई, अप्पा."

"बरं. कधी निघायचं?"

"सोमवारी. आधी तिथली बिळं शोधायचीत."