वरच्या उताराची फळं

निरोप आला तेव्हा दारमी परसात केळीसारख्या एन्सेटचं खोड पिठासाठी खरवडत बसली होती. मुलगा फोन घेऊनच बाहेर आला. उदेसामामा गुरुवारी येतोय, म्हणाला. त्याला दुसरं काही नको, तुझ्या हातचा बुना काला तेवढा हवाय. दारमीने हातातलं पातं खाली ठेवलं. तिच्या भावाने या घराचा उंबरा ओलांडून एकतीस वर्षं झाली होती.

बुना काला, म्हणजे कापलेली कॉफी. सालासकट वाळलेली फळं घ्यायची, बोकड कापावा तसं प्रत्येकाचं टोक दाताने तोडायचं, लोण्यात तळायची आणि वर दूध ओतायचं. या डोंगरांतला गुजी माणूस देवाकडे मागणं मागतो ते या भांड्यासमोर. दारमीच्या बापाच्या, जिलोच्या घरात आणखी एक रीत होती. रुसून गेलेलं माणूस परत आलं, तर फळं घरच्याच झाडांची कापायची. विकतची नाही, मागून आणलेली तर नाहीच.

दारमीने वाळल्या फळांच्या कणगीचं झाकण काढलं आणि ती तशीच उभी राहिली. तळाला धूळ होती. यंदा खालच्या, कॉफी धुण्याच्या केंद्रावर लालबुंद फळाला भाव चांगला होता. वाळवायची कटकट कशाला, असं मुलगा म्हणाला आणि तिनेही मान डोलावली. घरची, वरच्या उताराची सगळी फळं ताजीच गेली. केंद्रावर ती सोलतात, आंबवतात, ओढ्याच्या पाण्याने धुतात. कॉफी स्वच्छ होते, तिच्यात लिंबाच्या फुलाचा वास उतरतो. पण साल गेलं की कापायला उरतं काय?

तिला त्या फळांची गरज रीतीपुरतीच नव्हती. एक प्रश्न ती एकतीस वर्षं मनात घेऊन बसली होती, आणि त्याचं उत्तर त्या फळांतून मिळेल असं तिला वाटत होतं.

उदेसा राजधानीत, अदीसला, कॉफी चाखायच्या नोकरीत होता. एका मोठ्या खोलीत ओळीने पेले मांडलेले असत. तो चमचाभर घोट ओढायचा, थुंकायचा आणि कागदावर दर्जा लिहायचा. जिलो सगळ्या डोंगराला सांगत फिरायचा, "माझा पोरगा एका घोटात कॉफीचा उतार सांगतो." एका वर्षी वरच्या उताराच्या लोकांनी आपला माल व्यापाऱ्याच्या ढिगात न मिसळता वेगळा पाठवला. जिलोच्या अंगणातच तो वाळला होता. तेव्हा वाळवायला उंच माच नव्हते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर फळं पसरायची, रात्री घोंगडीखाली गोळा करायची. महिन्याभराने कागद आला. शाळेच्या मास्तरांनी तो सगळ्यांसमोर वाचला. मातीचा वास, सर्वांत खालचा दर्जा. खाली सही उदेसाची.

जिलो ओरडला नाही. घरी येऊन एवढंच म्हणाला, "पोराने आपल्या अंगणाला नाक मुरडलं." पुढच्या वर्षी उदेसा आला तेव्हा बापाने दारमीला चूल पेटवू दिली नाही. ज्या घरात कॉफी होत नाही तिथे माणूस किती वेळ बसणार? उदेसा कुंपणापासूनच परतला. जिलो वारल्याचं त्याला कळलं तेही मातीला गवत उगवल्यावर.

दारमीला भावाचा राग होताच, पण तिचा जीव अडकला होता तो एका गोष्टीत. त्या दिवशी दादाने ओळखलं होतं का? बापाची कॉफी आहे हे कळूनही, शहरातल्या साहेबांपुढे ताठ दिसावं म्हणून त्याने तिला मातीत घातलं होतं का? म्हणून तिने ठरवलं होतं, तो आला की काही सांगायचं नाही, वरच्या उताराची फळं कापायची आणि त्याचं तोंड बघायचं. त्याने आज ओळखली, तर तेव्हाही ओळखली होती. मग जेवू घालायचं आणि कुंपणापर्यंत सोडायला जायचं. परत ये म्हणायचं नाही.

आणि आता फळंच नव्हती.

शेवटी ती शेजारच्या सोरेकडे गेली. सोरेचं शेत खाली, ओढ्याच्या अंगाला. तिथे ऊन लवकर लागतं, फळ घाईने पिकतं आणि वरच्या फळाचा कडकपणा त्याला येत नाही. सोरेने सूप भरून दिलं. "जाडी आहेत, आळशी आहेत आणि दोनदा पावसात भिजलीत," ती म्हणाली. "माझा म्हातारा नवराच सुपात घालून दिलाय असं समज." दारमीला हसूही आलं नाही. रीत मोडतेय, आणि उत्तरही आता मिळणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

गुरुवारी उदेसा आला. दारमीने हाक मारेपर्यंत कुंपणाबाहेर उभा राहिला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. सोरेने आल्या आल्या सुनावलं, की अदीसचं पाणी मानवलेलं दिसतंय, पोट आधी आलं आणि उदेसा मागून. तो कसनुसं हसला. त्याचे गुडघे थकले होते. चुलीजवळच्या बुटक्या बाकावर बसताना त्याने दारमीच्या खांद्याचा आधार घेतला. सोरे मग फार थांबली नाही.

लोणी तापलं. फळं तडतडायला लागली, एकेक फुटू लागली. उदेसाने घरातला वडीलधारा म्हणून मागणं मागितलं, शांती मागितली, दूध मागितलं, वासरं मागितली. बोटाने लोणी कपाळाला लावलं. दारमीने दूध ओतून लाकडी वाडगा त्याच्या हातात दिला.

त्याने डोळे मिटून घोट घेतला. मग एक फळ तोंडात टाकलं आणि कितीतरी वेळ चावत राहिला. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही.

"वरची झाडं," तो म्हणाला. "बाबांची. मी मेलो तरी ही चव विसरणार नाही, दारमे."

दारमीचा हात चुलीपाशीच थांबला. आधी तिला वाटलं की हा आपलं मन राखतोय. पण तोंडदेखलं खोटं तिला कळत असे, आणि हे खोटं नव्हतं. म्हाताऱ्या भावाच्या तोंडात लोणी होतं, धूर होता, आईच्या हातच्या दुधाची आठवण होती. त्यात फळ कुणाचं, हे त्याला अजिबात कळलं नव्हतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "त्या वर्षी तू ओळखलं होतंस का?"

उदेसाने वाडगा मांडीवर टेकवला. "पेल्यावर नुसता आकडा होता. सत्तेचाळीस. कोरी कॉफी, ना लोणी ना दूध. आपल्या घरात मी कोरी कधी प्यायलो होतो? मातीचा वास आला, मी माती लिहिलं. नाव नंतर कळलं." मग म्हणाला, "पण हे कुणाला सांगू? चव ओळखतो म्हणून मला पगार मिळायचा. बापाची कॉफी ओळखली नाही म्हटलं तर कोण खरं मानेल? बाबांनी तर मुळीच मानलं नसतं."

"मी मानते," दारमी म्हणाली.

"तू बहीण आहेस, म्हणून."

"बहीण आहे म्हणून नाही. तू खातोयस ती सोरेची फळं आहेत. खालच्या उताराची. आपली मी सगळी विकली."

उदेसाने तिच्याकडे पाहिलं. मग वाडग्यातलं एक फळ उचललं, लोणी निपटून काढलं, साल सोडवून आतलं बी पुढच्या दातांनी फोडलं आणि या वेळी एखाद्या परक्यासारखं चाखलं.

"ओढ्याकाठचं," तो पुटपुटला. "पाऊस खाल्लेलं." आणि त्याला हसू फुटलं. खांदे हलायला लागले, दूध सांडायला लागलं, तसा दारमीने त्याच्या हातातून वाडगा काढून घेतला. ती हसत होती की रडत होती, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. बाबा हे ऐकायला असायला हवे होते, एवढं मात्र तिला फार वाटलं.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तशी त्याने टोपी शोधली. दारमीने ती खुंटीवर, त्याच्या हाताला येणार नाही इतक्या उंच अडकवून ठेवली होती.

"पुढच्या हंगामाला बाबांच्या दोन झाडांची फळं विकणार नाही," ती म्हणाली. "अंगणात वाळवीन. थोडी कापू, आणि थोडी तुला कोरी करून देईन. एकदा नीट ओळख करून घे."

"त्याला अजून नऊ महिने आहेत."

"आहेत ना," दारमी म्हणाली आणि त्याचं अंथरूण झटकायला आत गेली.