वीस कॉम्प्युटर आणि सरांची झोप

मालवणात दुपारी एक ते चार कोणाला उठवायचं नसतं. माशाची कढी पोटात गेली की माणूस आडवा होतो, आणि बाजारपेठही शटर ओढून घेते. दत्ताराम सर तर या बाबतीत अगदी कर्मठ. संचिताला नेमकं त्यांनाच उठवायचं होतं.

सरांच्या कॉम्प्युटर क्लासात ती मदतनीस होती. दुसऱ्या दिवशी नऊला परीक्षा, आणि व्हायरसने वीसच्या वीस कॉम्प्युटर आडवे केलेले. सीडीवरून दुरुस्त करावेत, तर ड्राइव्ह खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाल्ले होते. म्हणून तिने एक कॉम्प्युटर ठाकठीक केला, त्याची हुबेहूब नक्कल सर्व्हरवर ठेवली आणि बाकीच्यांनी ती वायरीवरून उचलावी अशी तजवीज केली. पण मेले उचलतील तर शपथ! सुरू व्हायचे, मिनिटभर चाचपडायचे, आणि फाइल मिळाली नाही म्हणून थांबायचे. सर म्हणाले, हे तुझ्या आवाक्यातलं नाही; चार वाजता कुडाळच्या परीक्षा केंद्राला फोन करतो, सगळ्यांना तिकडेच पाठवू. आणि केबिनला कुलूप लावून जेवायला गेले.

पाठवू म्हणे! सुगंधाला कोण पाठवणार होतं? देवबागची ही सून सकाळी मासळी विकून क्लासला यायची. सासूने मालवणापर्यंतच मुभा दिली होती, तीही महिनाभर अबोला धरून. कुडाळ म्हटलं की परीक्षा बुडाली, आणि तिच्या जोरावर मिळणारी पतपेढीतली नोकरीही. संचिताचा जीव तुटत होता.

तिने जेवणाचा डबा उघडलाच नाही. एका कॉम्प्युटरची वायर काढून थेट सर्व्हरला जोडली, तर तो पठ्ठ्या पहिल्या झटक्यात सुरू! म्हणजे दोघंही धडधाकट, खोट मधे कुठेतरी. वायर पुन्हा होती तशी लावून तिने पडद्यावरचा आकडा नीट वाचला. कॉम्प्युटर सुरू होताना वायरीवरून आपला पत्ता, म्हणजे एक आकडा, विचारतो. तो तिच्या सर्व्हरने द्यायचा आणि सोबत फाइलही दाखवायची. पण हा पत्ता तिच्या सर्व्हरचा नव्हताच. दुसरंच कुणीतरी आधी उत्तर देत होतं, आणि फाइलीचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मागच्याच आठवड्यात सरांनी केबिनमध्ये ब्रॉडबँडचा डबा बसवून घेतला होता, आणि असे डबेही पत्ते वाटतात. सगळ्या वायरी एकत्र येत होत्या त्याही तिथेच, कुलपाआड.

भर उन्हात ती सरांच्या घरी गेली. सरांच्या पत्नी नर्मदाकाकी दारातच म्हणाल्या, झोपलेत, चारला ये. संचिता तिथूनच मोठ्याने म्हणाली, "सर, केबिनची किल्ली द्या. तुमचं नेट बंद करायचंय."

सर तणतणत बाहेर आले. नव्याकोऱ्या वस्तूला नावं ठेवतेस, चारपर्यंत धीर नाही, असं बरंच ऐकवलं.

"चारला तुम्ही कुडाळला फोन करणार," ती म्हणाली. "मी चुकले असेन तर तो फोन मीच लावीन. पण आधी किल्ली."

तिने हात पुढे केला. सरांनी किल्ली दिली.

चारला सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, तेव्हा डबा बंद होता आणि प्रत्येक पडद्यावर नक्कल उतरल्याचे टक्के चढत होते. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे माझ्याच डब्याने घोळ केला?"

"होय सर."

तिने फोन उचलला, सुगंधाच्या शेजाऱ्यांकडे लावला आणि तिला बोलावून घेतलं.

"सुगंधा, उद्या नऊ वाजता हयच ये. कुडाळाक जावचा नाय."

सुगंधा हुंदके आवरत म्हणाली,

"मी पुस्तकां बांदून ठेवलंय गो, परत देवक."

"सोड ती," संचिता म्हणाली, "आणि वाचूक बस."