चालत्या मशीनवरचं कडं

१९७४ च्या सप्टेंबरात पिंपरीतल्या एका गिअरबॉक्स कारखान्यात सहा ड्रिलिंग मशीनवर टूल पकडून फिरवणारे नवे चक बसवण्यात आले. त्यांचा गुण एकच होता: मशीन बंद न करता टूल बदलता येत असे. सहापैकी पाच ऑपरेटर दोन दिवसांत शिकले. सहावा कोंडीराम. त्याला त्या चकाची भीती वाटत होती.

चकाभोवती एक सैल पोलादी कडं होतं. मशीन फिरत असताना ते डाव्या हाताच्या बोटांनी धरायचं. धरलं की कडं थांबे, आतला चक फिरतच राही. कडं बोटभर वर उचललं की ड्रिल सुटून उजव्या हातात येई. मग त्या जागी छिद्र गुळगुळीत करणारा रीमर घालायचा आणि कडं सोडून द्यायचं. ते खाली पडलं की रीमर आत पकडला जाई. पडताना ‘टक’ असा बारीक आवाज होई. सगळं मिळून चार सेकंदांचं काम.

सात वर्षांपूर्वी शेजारच्या मशीनवर खंडू होता. तो कोंडीरामच्याच गावचा, पुनावळ्याचा. चक पुरता थांबायच्या आत खंडूने हात घातला होता, आणि हातात सुती हातमोजा होता. मशीन बंद करायला धावला तो कोंडीराम. खंडूच्या उजव्या हाताला आता अंगठा आणि एक बोट आहे. त्या दिवसापासून कोंडीरामचा नियम ठरला: बटण दाबायचं, पाच आकडे मोजायचे, चक थांबल्याचं डोळ्यांनी बघायचं, मगच हात लावायचा. हा नियम त्याने एकदाही मोडला नव्हता.

नव्या चकावरही तो हेच करत राहिला. त्यामुळे बाकीच्यांच्या पाळीला पन्नास हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सच्या ओतीव पेट्या, निघत, त्याच्या एकतीस.

“मशीन तेच, चक तोच,” फोरमन दौलतराव म्हणाले. “मग एकोणीस जातात कुठं?”

शेजारच्या मशीनवरून ज्योतीराम ओरडला, “साहेब, कोंडीभाऊ चकाला आधी रामराम घालतात, घरची खुशाली विचारतात, मग हात लावतात. वेळ जाणारच की!”

सगळे हसले. दौलतराव हसले नाहीत. त्यांनी कोंडीरामला खांबाआड नेलं. “दसऱ्यानंतरच्या पहिल्या पाळीला कामाचा वेळ मोजणारा साहेबराव घड्याळ घेऊन तुझ्याजवळ उभा राहणार. पन्नास निघाल्या नाहीत तर वरून यार्डात पाठवायला सांगतील. मला थांबवता येणार नाही.”

यार्ड म्हणजे उघड्यावर ओतीव माल उचलण्याचं काम. कोंडीराम सेहेचाळीस वर्षांचा होता. त्या वयाची माणसं यार्डात दोन वर्षांच्या वर टिकलेली त्याने पाहिली नव्हती.

घरी त्याने उपड्या पेल्यावर कस्तुराची बांगडी चढवली आणि डाव्या हाताने वर-खाली करून पाहिली. कस्तुरा भाकरी थापत होती.

“पेल्याशी काय खेळ मांडलाय?”

“कामाचं हाय.”

“मग हात का कापतोय?”

त्याने बांगडी काढून तिला दिली.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदा फिरत्या चकावरचं कडं धरलं. कडं बोटांत थांबलं. त्याखाली, तीन मिलिमीटर पोलादाच्या पलीकडे, चक फिरत होता आणि त्याची थरथर कोपरापर्यंत येत होती. त्याने रीमर घातला, कडं सोडलं आणि टक ऐकू येईपर्यंत श्वास रोखून उभा राहिला. बाकीचे ऑपरेटर कडं सोडताच हँडल ओढून चक खाली घेत. आवाजाकडे त्यांचं लक्ष नसे. कोंडीराम मात्र दर वेळी टक ऐके आणि मगच हँडलला हात घाली. असं करत करत तो पंचेचाळीसपर्यंत आला. भीती काही कमी झाली नव्हती.

खंडेनवमीला दुपारी मशीन बंद झाली. रॉकेलने सगळी धुतली, पुसली, नवं ग्रीस भरलं. झेंडूचे हार चढले, दौलतरावांनी नारळ फोडला. अक्षतांचं ताट ज्योतीरामच्या हातात होतं.

“चकालाबी टाका रे, वर्षाची कमाई त्याच्यावरच आहे,” असं म्हणत त्याने सहाही चकांवर मूठ मूठ उधळली. कोंडीरामच्या मशीनपाशी थांबून तो म्हणाला, “कोंडीभाऊची नवरी अजून लाजते. हिला जरा जास्त. शुभमंगल सावधान!”

कोंडीरामही हसला. त्या दिवशी हसायला हरकत नव्हती.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला साहेबराव पाटीला कागद अडकवून, गळ्यात घड्याळ घालून हजर. कोंडीरामने हार काढला, चक फडक्याने पुसला. मशीन बंद असतानाच कडं दोनदा उचलून सोडलं. टक. टक. ठीक होतं. त्याने मशीन चालू केलं.

पहिल्या सात हाउसिंग विनातक्रार निघाल्या. साहेबराव आकडे लिहीत होता. आठव्या हाउसिंगला कोंडीरामने ड्रिल काढलं, रीमर घातला, कडं सोडलं.

टक आली नाही.

त्याने कड्याकडे पाहिलं. ते खाली आलेलं दिसत होतं. रीमर जागेवर होता, सरळ फिरत होता. शेडमध्ये आवाज भरपूर होता. टक झाली असेल, आपणच ऐकली नसेल. त्याचा हात हँडलवर गेला आणि तिथेच राहिला.

“चला, चला, घड्याळ चालू आहे,” साहेबराव म्हणाला.

कोंडीरामने बंद करण्याचं बटण दाबलं.

“झालं?” साहेबरावने घड्याळ थांबवलं. “काय लिहू? भ्याला म्हणून लिहू?”

“लिवा,” कोंडीराम म्हणाला.

चक थांबला. त्याने पाच आकडे मोजले, रीमर धरला आणि कड्याला हात न लावता हलकेच खाली ओढला. रीमर सबंध त्याच्या हातात आला. त्याला कशानेच धरलेलं नव्हतं; नुसत्या ग्रीसच्या चिकटीवर तो अडकून होता. छिद्रातून वर येताना तो सुटला असता, फिरता फिरता, कोंडीरामच्या हातांच्या उंचीवर.

त्याने कडं वर करून बोट फिरवलं. ग्रीसमध्ये अडकलेला, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा बोटावर आला. त्याने कडं केसभर वर अडवून धरलं होतं.

साहेबराव दाण्याकडे बघत राहिला. कोंडीरामने मान वळवून ज्योतीरामकडे पाहिलं.

ज्योतीरामचा रीमर छिद्रात उतरला होता. तो उजव्या हाताने हँडल धरून डाव्या हातातल्या ब्रशने चुरा झाडत होता, नेहमीसारखा.

“ज्योत्या! बंद कर!”

ऐकू गेलं नाही. सहाही मशीनचा मेन स्विच खांबावर होता, बारा पावलांवर. इलेक्ट्रिशियनखेरीज कुणी त्याला हात लावायचा नाही असा हुकूम होता. कोंडीराम धावला आणि त्याने तो खाली ओढला.

शेडमधला आवाज उतरत गेला.

“कुणी रे लाइट घालवली?” असं म्हणत ज्योतीराम मागे वळला. सवयीने त्याचा उजवा हात हँडल वर घेत होता. रीमर छिद्रातून बाहेर आला, चकातून निसटला आणि फिरतच हाउसिंगवर आदळला. ब्रश धरलेला हात क्षणापूर्वी तिथे होता. रीमरचा तुकडा उडून खांबाला लागला.

ज्योतीरामने आपला डावा हात बघितला आणि काखेत दाबून धरला.

सहाही चक उघडले. चारांत तांदूळ निघाले.

“यार्डाचं विसर,” दौलतराव कोंडीरामला म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “उद्यापासून पाळी सुरू होताना सहाही चक तपासायचे. मशीन बंद ठेवून कडं उचलायचं, सोडायचं. झालं.”

कोंडीरामला हो म्हणून गप्प बसता आलं असतं.

“सकाळी मी बंद ठिवूनच तपासला व्हता, साहेब. दोनदा टक आली. फिराय लागल्यावर दाणा सरकला. बंद चकावर काय कळत न्हाई.”

“मग?”

“फिरवूनच बघाय लागंल.”

“आणि बघणार कोण?”

टक कशी असते ते बाकीच्या पाचांतल्या कुणालाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सातला ज्योतीरामने आपलं मशीन चालू केलं आणि दोन पावलं मागे सरला. कोंडीरामने डावा हात पुढे केला. हात कापत होता, पेल्यावर कापला होता तसाच. बोटांनी कडं धरलं. थरथर कोपरापर्यंत आली. त्याने कडं उचललं, सोडलं आणि कान दिला.

“कोंडीभाऊ,” ज्योतीराम हळू म्हणाला, “आली?”

“आली.”

कोंडीरामने हात खिशात घातला. तो कापायचा थांबेपर्यंत तो उभा राहिला. मग दुसऱ्या मशीनकडे गेला.