दौतीतला नवरा

भर दुपारी, लाकडाच्या वखारीत पडदे ओढून दीडशे शहाणी माणसं हात जोडून बसली होती. समोर टांगलेल्या चादरीवर सिनेमाच्या यंत्राचा झोत पडला आणि दौतमहाराज नावाच्या बुवांचा भलामोठा हात आला. त्यानं टाक शाईत बुडवला, जळत्या मेणबत्तीशेजारच्या कागदावर टोपीवाला, मिशीवाला माणूस काढला. आणि तो माणूस उठून चक्क महाराजांच्या बोटावर चढला! सिनेमात माणसं हलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. काढलेलं चित्र हलताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

"चित्र नव्हे, आत्मा आहे!" यंत्राशेजारून महाराज गरजले. "ज्यानं त्यानं आपला ओळखावा!"

ओळखायला काय लागतं? टोपी-मिशी नसलेला मेलेला पुरुष त्या गावात शोधून सापडला नसता.

"ताई, हे आमचेच गं!" नवरा गमावलेल्या धाकट्या बहिणीनं थोरलीचं मनगट आवळलं.

चादरीवरच्या आत्म्यानं औषधाची बाटली लाथाडली. "पाहिलंत?" महाराज ओरडले. "औषध बंद! माझं मंतरलेलं पाणी सुरू!"

धाकटीची पोर अकरा दिवस तापानं फणफणत होती. "आजपासून औषध नाही," धाकटी म्हणाली. "तिच्या बापानंच सांगितलं."

 थोरली फोटो स्टुडिओत फोटोतल्या लोकांची वाकडी नाकं सरळ करायची. तिची नजर बारीक होती. ती उभी राहिली.

"महाराज, तुमचा माणूस तीन पावलं चालला. तेवढ्यात शेजारची मेणबत्ती बोटभर कशी जळली?"

"आत्म्याच्या तेजानं!"

"तासन् तास जळून! एक चित्र, एक फोटो. जरा वेगळं चित्र, पुन्हा फोटो. ते भराभर दाखवले की चित्र चाललं! तुम्ही हात हलवला नाहीत, पण मेणबत्तीला कुठला धीर!"

भक्तांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं. तिच्याबरोबर अक्कलही बाहेर गेली.

घरी पोरीच्या उशाशी बसून थोरलीनं वहीच्या कोपऱ्यांवर चाळीस चित्रं काढली आणि अंगठ्यानं पानं भराभर सोडली. ढेरपोट्या दौतमहाराजांनी चमचाभर औषध गिळलं, वर चमचाही चाटला. पोर खुदकन हसली.

"महाराज औषध प्यायले?" धाकटी चक्रावली.

"माझ्या पेन्सिलीनं पाजलं. आता सांग, माझ्या पेन्सिलीला हिच्या तापातलं काय कळतं?"

धाकटी मटकन खाली बसली. "म्हणजे हे आले नव्हते?"

"नाही गं. ते गेले."

ती पोटभर रडली. मग उठून तिनं औषधाच्या बाटलीचं बूच काढलं.

लोकहो, दिसलं म्हणून हात जोडू नका. कसं केलं ते आधी विचारा. आणि घरात कुणी तापानं फणफणत असेल, तर मेलेल्यांचा सल्ला घेत बसू नका. डॉक्टरांना विचारा.